बुडी मारणाऱ्यांच्या कपड्यांची राखण

माझ्या कामाला नाव नव्हतं. जनगणनेवाला दारात आला तेव्हा त्याने विचारलं, "बाई, धंदा काय?" मी म्हटलं, "लोक पाण्यात असताना मी त्यांचे कपडे सांभाळते." त्याने थोडा वेळ पेन्सिल नुसती धरून ठेवली आणि मग रकान्यात 'घरकाम' लिहिलं. मला त्याचा राग आला नाही. पण नाताळ ते होळी, सलग दहा-अकरा वर्षं, मी जे केलं ते घरकाम नव्हतं. घरकामात माणसाला रात्री झोप लागते.

भुईगावला आमची केळीची वाडी थेट किनाऱ्याला लागून. वाडीचं कुंपण संपलं की वाळू, आणि ओहोटी लागली की वाळूपुढे काळे खडक उघडे पडत. आमचे घरचे भाजी घेऊन पहाटेच मुंबईला जात ते दिवेलागणीला परतत. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत मुंबईची काही मंडळी सुट्टीत आमच्याकडे यायला लागली. त्यांना आणलं फरामजी नावाच्या एका पारशी गृहस्थांनी. ते गावात आठ-आठ दिवस घर भाड्याने घेऊन राहत आणि सोबत एक चमत्कारिक वस्तू आणत. रबराची चौकट, पुढे काच, मागे पट्टा. ती डोळ्यांवर चढवायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि खडकांच्या कडेला बुडी मारायची. खाली कोळंबीसारखी मोठी शेवंडं दिसतात, शिंपले दिसतात, कपारीत मासे दिसतात, असं ते सांगत. आमचं पाणी काही आरशासारखं नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, गाळ खाली बसतो आणि हात-दोन हात दिसतं. तेवढ्यावरही माणसं लहान मुलासारखी हसत वर येत.

पहिल्याच वर्षी दोघांच्या विजारी गेल्या. एक बँकेतले साहेब आमच्या वाडीत टॉवेलावर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही नेसायला मिळेल का?" मी त्यांना घरच्यांचं धोतर दिलं. दुसऱ्या दिवशी फरामजी म्हणाले, "कातरीनबाय, तुमी इथे बसा ने. आमचे कपडे बघा." तिथून हे काम सुरू झालं.

ज्यांनी कधी बुडी मारली नाही त्यांना ही गोष्ट सांगायला हवी. नुसतं पोहणाऱ्याचं डोकं पाण्याबाहेर असतं, त्याला आपले कपडे दिसतात. बुडी मारणारा मात्र जमीन विसरतो. तो खाली असतो तेव्हा त्याला काही दिसत नाही आणि वर येतो तेव्हा काचेवर पाणी असतं. किनाऱ्यावरचा चोर लाटांकडे बघत नाही, डोक्यांकडे बघतो. सगळी डोकी खाली गेली की तो दोन पावलं पुढे येतो. शिवाय लोक वस्तू लपवतात त्या जागा ठरलेल्या असतात: बुटाच्या आत, केतकीच्या मुळाशी, नाहीतर वाळूत. एका वकिलांनी घड्याळ वाळूत पुरलं आणि खुणेला वर करवंटी ठेवली. करवंटी कुत्र्याने पळवली. ते, त्यांची बायको आणि मेहुणा असे तिघं ऊन उतरेपर्यंत वाळू उकरत होते. घड्याळ अजून तिथेच असेल.

मी झावळ्यांची खोप बांधली. प्रत्येकाचं सामान त्याच्याच टॉवेलात बांधायचं, गाठ त्यानेच मारायची. नंबराचे बिल्ले मी कुठून आणणार? मी शिंपले वापरले. एका शिंपल्याची दोन कवचं एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या कशाला बसत नाहीत. दोन्हींना भोकं पाडायची, एक गाठोड्याला बांधायचं, एक सुतळीने त्याच्या मनगटाला. परत आला की कवचं जुळवून बघायची. जुळली तर गाठोडं द्यायचं. कुणी कितीही मोठा साहेब असो, शिंपला जुळल्याशिवाय टॉवेलसुद्धा दिला नाही. आणि दुसऱ्याचं गाठोडं कधीही उघडायचं नाही. हा नियम मी स्वतःला घातला होता. त्यामुळे लोक माझ्याकडे काय वाटेल ते ठेवत. एक म्हातारे गृहस्थ रुमालात कवळी ठेवून जात. ते परत येऊन ती बसवेपर्यंत मला घास गोड लागत नसे.

लोकांना वाटतं, काय मजेचं काम, समुद्र बघत बसायचं. मी समुद्राकडे पाठ करून बसत असे. तोंड गाठोड्यांकडे. सात गाठोडी असली तर सात मोजायची, पुन्हा मोजायची. मान वळवली की वाटायचं, मागे सहा झाली असतील. घरी जेवताना मी ताटातल्या भाकऱ्या मोजत असे, तेव्हा आमचे घरचे हसायचे.

सोबतीला काशी असायची. काशी पाचूबंदरची कोळीण. सुकं म्हावरं टोपलीत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने चालत भुईगावला यायची, वाड्यावाड्यांतून विकायची आणि उन्हाच्या वेळी माझ्या खोपीच्या सावलीला टेकायची. तिचं तोंड समुद्राकडे, माझं जमिनीकडे. अशा आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बोलत असू.

माझ्या कामाच्या चौथ्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत, फरामजींबरोबर चेलाराम मास्तर आले. कराचीचे. तिथे शाळेत शिकवत होते. सगळं सोडून बोटीने मुंबईत आले होते आणि कल्याणच्या छावणीत राहत होते. कराचीच्या शाळेत त्यांच्या जोडीला मराठी मास्तर होते, त्यामुळे मराठी येत होतं, फक्त नर-मादी सगळं एकच करत. फरामजी म्हणाले, "ह्याच्यासारखा बुडी मारनारा मी बघितला नाय." पण मास्तर पाण्यात जाईनात. त्यांच्या मांडीवर एक कातडी पिशवी असे, तिचा पट्टा गळ्यात. तीन दिवस ते पिशवी मांडीवर घेऊन वाळूत बसले आणि समुद्राकडे बघत राहिले. जेवतानासुद्धा पट्टा गळ्यातच.

काशीने मला विचारलं, "काय असतं गं त्या पिशवीत? सोनं?"

मलाही तेच वाटत होतं. चौथ्या दिवशी मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "सोना नाही, बहेन. कागद आहे. माझ्या घराचा कागद, माझ्या शाळेचा सर्टिफिकेट. हे दाखवला तर सरकार मानणार की माझा घर होता, मी मास्तर होता. नाही दाखवला, तर मी कोण?"

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचं ते समुद्राकडे बघणं मला बघवेना, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या कामाचा ताठा होता. मी म्हटलं, "मास्तर, मी आहे ना. तीन वर्षांत इथून एक बटन गेलेलं नाही."

त्यांनी गळ्यातला पट्टा काढला. पिशवीला मी शिंपला बांधला, दुसरं कवच त्यांच्या मनगटाला. ते पाण्यात शिरले ते मी बघितलं नाही, पण काशीने सांगितलं, "बाय, हा मानूस पान्यात गेला आनि पानी हललं पन नाय."

त्याच सकाळी आणखी दोघे आले होते. खाकी अर्ध्या चड्ड्या, मुंबईचे म्हणाले. त्यांनी दोघांचं मिळून एकच गाठोडं दिलं. जड होतं. त्यातला एक पाण्यात गेला, दुसरा "विडी ओढून येतो" म्हणून सुरूच्या झाडांकडे.

ऊन चढलं होतं. मी नऊ गाठोडी आणि एक पिशवी असं कितव्यांदा तरी मोजत होते, आणि पाठीमागून हाक आली, "बुडालो, वाचवा." मी वळले. खडकांच्या पलीकडे एक हात वर आला, खाली गेला. तो खाकी चड्डीवालाच होता. खोपीला काथ्याचा दोर आणि बांधलेले दोन रिकामे डबे टांगलेले असत, ते अशा वेळेसाठीच. दोर पाण्यापर्यंत न्यायला आम्हा दोघींशिवाय किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

मी गाठोड्यांकडे बघितलं. मग मी काशीला म्हटलं, "बघ गं जरा," आणि दोर घेऊन पळाले.

मी पोचेपर्यंत मास्तर त्याच्यापाशी पोचले होते. त्यांनी त्याला हनुवटीखाली धरून खडकाच्या कडेने ओढत आणलं, मी डबे फेकले, फरामजींनी दोर ओढला. आम्ही त्याला वाळूवर पालथं घातलं. तो कण्हत होता. मास्तर त्याची पाठ चोळत बसले. मी परत फिरले तेव्हा खोप दिसत होती आणि खोपीपुढे कुणी नव्हतं.

गाठोडी नऊच्या नऊ होती. पिशवी नव्हती. काशी नव्हती.

मास्तर मागून येत होते, ओल्या अंगाने, हसत. त्यांनी मनगट पुढे केलं, शिंपला दाखवायला. माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते असं: "काशीने नेली. तिने मला विचारलं होतं पिशवीत काय आहे."

मी हे मोठ्याने म्हटलं, सगळ्यांसमोर. वाडीतून माणसं धावून आली त्यांनाही तेच सांगितलं. मास्तर खाली बसले. हाताने वाळू चाचपत राहिले. फरामजी आणि गावातले तीन-चार पुरुष ताबडतोब किनाऱ्याने पाचूबंदरकडे निघाले, काशीचं घर बघायला. मी खोपीपाशी बसून राहिले, उरलेल्या गाठोड्यांवर डोळे लावून, मनात नमो मरिया म्हणत. एकेक जण येऊन कवच जुळवून आपलं गाठोडं घेऊन गेला. खाली एकच राहिलं, त्या दोघांचं. कण्हणारा माणूस वाळूवर नव्हता. कधी उठून गेला कुणी बघितलं नाही. बुडता बुडता वाचलेल्यावर संशय कोण घेतो?

आणि माझ्या डोळ्यांसमोर, खोपीच्या सावलीत, काशीची टोपली होती. म्हावऱ्याने अर्धी भरलेली. चोरी करणारी बाई आपली टोपली मागे टाकून जात नाही, एवढं साधं मला सुचलं नाही.

तास-सव्वा तासाने काशी आली ती जमिनीच्या बाजूने, वाडीच्या गल्लीतून. पायांना काटे लागून रक्त आलं होतं. श्वास पुरत नव्हता. म्हणाली, "कातरीन, तो विडीवाला. तू गेली आनि तो आला, पिशवी उचलली आनि पलाला. मी बोंबलली, पन वारा उलटा. त्याच्या मागं गेली. नाक्यावर सायकल ठेवलेली त्यानं. उमेल्याच्या रस्त्यानं गेलाय. मानसं पाठव लवकर."

मी पाचूबंदरच्या दिशेने बघितलं.

"मानसं कुठं हायेत?" तिने विचारलं.

ते मला सांगावं लागलं. तुझ्या घरी गेलेत, म्हटलं. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने टोपली उचलली, डोक्यावर घेतली आणि त्या रक्ताळलेल्या पायांनी पाचूबंदरकडे चालायला लागली. माणसं परत येऊन, सायकली मिळवून उमेळ्याकडे निघेपर्यंत ऊन कललं होतं. रस्त्यावर कुणी भेटलं नाही.

शेवटी मी ते उरलेलं गाठोडं उघडलं. आत दोन विटा आणि वाळकं गवत होतं. हे मी पहिल्या पाच मिनिटांत केलं असतं, तर चोर कोण ते तिथल्या तिथे दिसलं असतं. पण दुसऱ्याचं गाठोडं उघडायचं नाही हा नियम मी पाळला, आणि काशीचं घर उघडायला माणसं पाठवली.

पुढचे दोन दिवस मास्तर फरामजींच्या घराच्या ओट्यावर बसून होते. मी डबा घेऊन जाई, तो तसाच परत येई. मला भीती वाटत होती की हा माणूस एकटा पाण्यात जाईल आणि वर येणार नाही. मी वाडीतलं काम टाकून तिथेच घुटमळत असे.

तिसऱ्या दिवशी उमेळ्याच्या मिठागरावरून निरोप आला. पाण्याच्या चरीत कागद सापडले होते. चोराला सोनं हवं होतं, कागद त्याने फेकून दिले आणि पिशवी नेली. मी आणि मास्तर बैलगाडीने गेलो. मिठागरावरच्या माणसांनी एकेक कागद बांधावर पसरून ठेवला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर मिठाचा खडा. मास्तर वाकून एकेक बघत गेले. घराचा कागद म्हणजे नुसता निळा डाग झाला होता. एक फोटो होता, त्यावर माणसं आहेत एवढंच कळत होतं. शाळेचं सर्टिफिकेट जाड कागदाचं होतं. त्याच्यावरचा शिक्का आणि मास्तरांचं नाव राहिलं होतं.

ते सर्टिफिकेट त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवलं. परत येताना आम्ही गाडीच्या मागे पाय सोडून बसलो. मी म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं."

ते म्हणाले, "तो बाईचा काय झाला?"

"कोण बाई?"

"ज्याच्या घरात लोक शिरला. तुम्ही तिकडे गेला का?"

मी नाही म्हटलं.

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "माझ्या घरात पण असाच शिरला होता. दोन-चार लोक, ओळखीचा. पेटी उलटी केला. माझा आई कोपऱ्यात उभा होता." मग सदऱ्यावरून सर्टिफिकेट चाचपत, "कागद गेला, ठीक आहे. पण ते विसरत नाही, बहेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचूबंदरला गेले. वाटेत तीनदा थांबले. उन्हं तापायच्या आधी तिथे सगळ्या बाया बोंबील वाळत घालायला जमतात, काशीही होती. मला बघून बोलणं थांबलं. मला वाटलं होतं काशीला बाजूला घेऊन सांगावं. पण मी तिला चोर म्हटलं होतं ते बाजूला घेऊन म्हटलं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काशीने काही नेलं नाही. ती चोराच्या मागे धावत होती. मी तिचं खोटं नाव घेतलं."

काशी बोंबलांच्या जोड्या दोरीवर टाकत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "तिच्या घरातली मडकी फोडली तुझ्या मानसांनी. सासरा आजारी, त्याला अंथरुनावरनं उठवला."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. ठाऊक नव्हतं. तेव्हाच कळलं.

"ऐकलं आमी," म्हातारी म्हणाली. "जा आता."

मी निघाले. गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा मागे पावलं वाजली. काशी होती. हाताला मासळीचं पाणी तसंच. ती दोन हात अंतरावर थांबली.

"तो मानूस बुडत व्हता का गं खरंच?"

"नाही. नाटक होतं."

"तुला तवा ठाऊक व्हतं?"

"नाही."

तिने पदराला हात पुसले. "मंग गेलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता चोरीच्या भयानं बसून नको रहाशील. हाक आली तं जाशील ना?"

मी मान हलवली. ती परत फिरली. त्यानंतर ती भुईगावला यायची, वाड्यांतून म्हावरं विकायची, माझंही दार वाजवून जायची. पण खोपीच्या सावलीला पुन्हा कधी टेकली नाही, आणि मीही कधी तिला बस म्हटलं नाही. तो हक्क मी घालवला होता.

चेलाराम मास्तरांना त्या सर्टिफिकेटावर पुढे एका शाळेत नोकरी लागली, असं फरामजींनी सांगितलं. घराचं काही झालं नाही. एका सुट्टीत ते पुन्हा आले. अंगावरचा सदरा, विजार आणि चपला माझ्यापुढे ठेवल्या, गाठसुद्धा न मारता, आणि सरळ पाण्यात गेले. त्या जुन्या सदऱ्याची राखण करताना मला जितकी धास्ती वाटली तितकी सोन्याच्या घड्याळाची कधी वाटली नाही.

मी आणखी बरीच वर्षं तिथे बसले. बसण्याची रीत मात्र बदलली. समुद्राकडे पाठ केली नाही. खोपीच्या कडेला आडवी बसू लागले, एका डोळ्याने गाठोडी, एका डोळ्याने पाणी. मान दुखायची. आणि नवं गाठोडं आलं की गाठ मारण्याआधी त्याच्यासमोरच उघडून बघायचे. काही लोकांना ते अपमानाचं वाटलं आणि ते माझ्याकडे यायचे बंद झाले. झाले तर झाले.

तशी हाक नंतर तीनदा आली. तिन्ही वेळा मी गाठोड्यांकडे एकदा बघितलं आणि दोर घेऊन पळाले. एकदा परत आले तर एक कॅमेरा आणि दोन घड्याळं गेली होती, आणि त्या साहेबांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. उरलेल्या दोन्ही वेळा माणूस खरोखरच बुडत होता.